जैवइंधनाच्या पिकाला शाश्वततेचे प्रमाणपत्र: अर्ज अडतो तो २००८ वर

करंज, जट्रोफा यांसारख्या तेलबिया युरोपीय संघाच्या इंधनबाजारात शाश्वत माल म्हणून विकायच्या असतील, तर संघाने मान्य केलेल्या एखाद्या योजनेचे प्रमाणपत्र लागते. आयएससीसी (इंटरनॅशनल सस्टेनॅबिलिटी अँड कार्बन सर्टिफिकेशन) ही त्यातली एक योजना. लहान शेतकऱ्याने स्वतंत्र अर्ज करण्याची गरज नाही. बिया गोळा करणारे केंद्र किंवा शेतकरी गट अर्ज करतो आणि सभासद स्वयंघोषणापत्र भरून देतात. नोंदणी, प्रमाणन संस्थेशी करार, ऑडिटची तारीख ही कामे सरळ आहेत. गाडी अडते ती जमिनीपाशी.

युरोपीय संघाच्या नवीकरणीय ऊर्जेविषयीच्या कायद्याच्या, म्हणजे निर्देश २०१८/२००१ च्या, कलम २९ नुसार जमिनीची जानेवारी २००८ मधली स्थिती पाहिली जाते. अनेक जण ही लागवडीची तारीख समजतात आणि ‘आम्ही रोपे २०१५ मध्ये लावली’ असे लिहून मोकळे होतात. रोपे कधी लावली हा प्रश्नच नाही. त्या महिन्यात किंवा त्यानंतर तिथे जंगल, पाणथळ जागा किंवा जैवविविधतेने समृद्ध गवताळ रान होते का, एवढेच विचारलेले असते.

कोरड्या प्रदेशात मेख आहे ती विरळ झाडीत. एक हेक्टरहून मोठ्या जमिनीवर पाच मीटरपेक्षा उंच झाडे असतील आणि त्यांचे छत्र, म्हणजे फांद्या-पानांनी झाकलेली जमीन, ३० टक्क्यांहून अधिक असेल, तर ती जमीन बाद. छत्र १० ते ३० टक्के असेल, तर लागवडीपूर्वीच्या आणि नंतरच्या कार्बनसाठ्याचा (माती आणि झाडाझुडपांत साठलेल्या कार्बनचा) हिशेब मांडून खनिज इंधनाच्या तुलनेत हरितगृह वायूंच्या बचतीची अट पूर्ण होते हे दाखवावे लागते. तेव्हा खुरटी असलेली, पण तिथेच पाच मीटर वाढू शकणारी झाडेही यात धरतात. शेतात झाडांखाली पीक घेतले जात असेल, तर ती जमीन शेतीच मानली जाते, जंगल नव्हे. हे अर्जात स्पष्ट लिहा. ऑडिटर ते आपणहून ओळखेल या भरवशावर राहू नका.

आता पुरावा. २००८ चा पीकनोंदीचा कागद बहुतेकांकडे नसतो, आणि परंपरेने कसलेल्या जमिनीला तर कागदच नसतो. तिथे उपग्रहचित्रांचा आधार घ्यावा लागतो. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेच्या चित्रांचा जुना संग्रह मोफत उपलब्ध आहे, पण त्याचा एक ठिपका ३० मीटरचा. अर्ध्या हेक्टरच्या शेतात जेमतेम पाच-सहा ठिपके बसतात. शिवाय पावसाळ्यात गवत आणि झाडे दोन्ही हिरवी दिसतात, तर उन्हाळ्यात पानगळीमुळे असलेली झाडेही दिसत नाहीत. म्हणून दोन्ही ऋतूंतली चित्रे जोडा. लँडसॅट ७ च्या चित्रांत २००३ पासून रिकाम्या पट्ट्या येतात, तेव्हा त्याच काळातली लँडसॅट ५ ची चित्रेही शोधा. शेताची हद्द जीपीएसने पूर्ण फिरून घ्या. मधोमध उभे राहून घेतलेला एकच बिंदू ही हद्द नव्हे.

‘पडीक जमीन’ हा शब्द जपून वापरा. गंभीर अवनत जमीन पुन्हा लागवडीखाली आणल्याबद्दल उत्सर्जनाच्या हिशेबात इंधनातल्या ऊर्जेच्या प्रति मेगाज्यूल २९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची (किंवा तितक्या परिणामाच्या वायूंची) सवलत मिळते, म्हणून मोह होतो. पण त्यासाठी जानेवारी २००८ मध्ये तिथे शेती किंवा दुसरा कोणताही वापर नसावा लागतो. गुरे चरत होती? मग तो वापर झाला. अवनती म्हणजे दीर्घकाळची तीव्र क्षारता, किंवा सेंद्रिय द्रव्याची मोठी कमतरता आणि जोडीला तीव्र धूप. नुसते ओसाड दिसणे पुरत नाही. कार्यालयात बसून चराऊ रानाला ‘पडीक’ ठरवणे सोपे असते. त्याची किंमत मात्र गटाला मोजावी लागते.

ऑडिटर सगळ्यांची शेते पाहत नाही. सभासदसंख्येच्या वर्गमुळाइतकी तरी पाहतो, म्हणजे शंभरांत किमान दहा. ती कोणती, हे तुम्ही ठरवत नाही. त्यामुळे चार नीटनेटक्या फाइली पुढे करून भागत नाही.

आयएससीसीचे प्रमाणपत्र एक वर्ष चालते आणि ते सुरू होण्याआधीच्या तारखेचे शाश्वतता घोषणापत्र (माल शाश्वत असल्याचे मालासोबत जाणारे कागदपत्र) देता येत नाही. काढणी सुरू झाल्यावर अर्ज करणाऱ्यांचा त्या हंगामाचा माल साध्या भावाने जातो. ऑडिट काढणीच्या बरेच आधी उरकून घ्या.