बी.फार्म-एमबीए: पाच वर्षांचं एकत्र की चार अधिक दोन?

बारावीचा निकाल लागला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर चिठ्ठ्यांपेक्षा मार्कशीटच जास्त येतात. परवा मोर्शीकडचे एक संत्रावाले काका मुलीला घेऊन आले. "भाऊ, बी.फार्म अन् एमबीए संगंच होते म्हणे. हिले तेच देऊ का? दुकान टाकाले बरं पडन."

संगंच होते, हे खरं आहे. फक्त त्या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपतात, आणि दुकानाचा संबंध दोन्हींशी कमीच.

पहिली म्हणजे इंटिग्रेटेड. बारावीनंतर एकदाच प्रवेश घ्यायचा, पाच वर्षं काढायची, शेवटी फार्मसी आणि मॅनेजमेंट दोन्ही हातात. मुंबईच्या एनएमआयएमएस या अभिमत विद्यापीठाचा बी.फार्म अधिक एमबीए (फार्मा टेक) हा यातला माहीत असलेला कोर्स. दुसरी म्हणजे सुटं सुटं. एमएचटी-सीईटी देऊन चार वर्षांचं बी.फार्म करायचं, मग राज्याची एमबीए सीईटी किंवा कॅट देऊन दोन वर्षांचं एमबीए. औषध उद्योगासाठीच असलेलं एमबीए हवं असेल तर मोहालीच्या नायपर या केंद्र सरकारच्या औषधशिक्षण संस्थेत दोन वर्षांचं एमबीए (फार्म) आहे.

पाच आणि सहा, म्हणजे एक वर्ष वाचलं. पालक इथेच भुलतात. पण कॅप राउंडनं, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश घेतला आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलं, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून फीचा मोठा भार हलका होतो. ही योजना खासगी आणि अभिमत विद्यापीठांना लागू नाही. काकांना मी एवढंच म्हटलं, वर्ष वाचवाले जासान अन् वावर जाईन. अमरावतीच्या शासकीय फार्मसी कॉलेजात नंबर लागत असेल, तर मुंबईच्या फीचा विचार कशाला?

माझा कल सुट्या वाटेकडे आहे, आणि तो फक्त पैशामुळे नाही. अठराव्या वर्षी पोरीला मार्केटिंग आवडेल की लॅब, हे तिलाही माहीत नसतं. बी.फार्मच्या आठव्या सेमिस्टरला फार्मा मार्केटिंग मॅनेजमेंट हा ऐच्छिक विषय असतो. तो घेऊन पाहावा. नाही जमला तर एम.फार्म आहेच. शिवाय मधे नोकरी करता येते. दोन वर्षं एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) म्हणून चांदूरबाजार-वरूड गाडी फिरवलेला पोरगा एमबीएला बसतो, तेव्हा स्टॉकिस्ट, म्हणजे दुकानांना माल पुरवणारा ठोक व्यापारी, म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. डॉक्टरच्या दाराबाहेर तासभर ताटकळलेला असतो तो.

इंटिग्रेटेड घ्यायचंच असेल, तर कॉलेजला दोन गोष्टी लेखी विचारा. त्यातल्या बी.फार्मला भारतीय फार्मसी कौन्सिलची मान्यता आहे का? आणि मध्येच सोडलं तर बी.फार्मची पदवी मिळते का? तोंडी "हो हो" चालत नाही.

आता दुकानाचं. किरकोळ मेडिकलसाठी फॉर्म 20 आणि 21 वरचं लायसन लागतं, 10 चौरस मीटर जागा लागते आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. ती नोंदणी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे होते आणि तिला डी.फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमाही चालतो. बारावीनंतर दोन वर्षं, वर 500 तासांचं प्रशिक्षण. एमबीएचा रकाना त्या अर्जात कुठंच नाही. होलसेलला तर औषधाच्या धंद्यात वर्षभर काम केलेला साधा पदवीधरही चालतो. (काही जण सर्टिफिकेट भाड्यानं लावून दुसऱ्याचं दुकान चालवू देतात. त्या वाटेला जाऊ नका, सही तुमची असते.)

मग एमबीए कशाला? कंपनीत ब्रँड सांभाळायला, मार्केट रिसर्चला, पुरवठ्याचं गणित बसवायला. दुकानात ते कामाचं नाही असंही नाही. सरकारनं भाव बांधलेल्या औषधांच्या किमतीत किरकोळ दुकानदाराचं मार्जिन 16 टक्के धरलेलं असतं. माझ्या उधारीच्या वहीत शुगर-बीपीच्या गोळ्या लिहिलेल्या असतात आणि पैसे येतात कापूस विकल्यावर. स्टॉकिस्ट मात्र महिनाभरही थांबत नाही. एमबीएवाले याला खेळतं भांडवल म्हणतात. मी ते तिसऱ्या वर्षी शिकलो, बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून.

एवढा वेळ गप्प असलेली पोरगी म्हणाली, "बाबा, मले दुकान टाकाचंच नाही. कंपनीत जायाचं हाये."

काका तिच्याकडे बघतच राहिले. मग खिशातून चिठ्ठी काढून त्यांनी महिन्याच्या बीपीच्या गोळ्या घेतल्या आणि उठता उठता म्हणाले, "भाऊ, लिहून ठेवजा."