दीड मिलीमीटरचं बुश

भाच्याची ट्रिक स्कूटर तीन-चार खोक्यांतून आली आणि सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या व्हरांड्यात सतरंजीवर पसरली. डेक म्हणजे उभं राहायची पट्टी, सायकलवाले ज्याला चिमटा म्हणतात तो फोर्क, हँडल, हँडल फोर्कवर आवळून धरणारा क्लॅम्प, चाकं, बेरिंगं. वेगवेगळ्या ठिकाणांहून मागवलेली, काही जुनी घेतलेली. पेट्रोलचा संबंध नाही, एका पायानं ढकलायची स्कूटर ही. तिच्यावर उड्या मारायच्या, हवेत गिरक्या घ्यायच्या.

लहान मुलांच्या स्कूटरला घडी घालायला बिजागरी असते. हिला ती मुद्दामच नसते. १ मीटर उंचीवरून खाली येणारा मुलगा ताशी १६ किलोमीटरच्या आसपास वेगानं टेकतो. गुडघे वाकवून २० सेंटिमीटरमध्ये तो वेग जिरवला तर सरासरी बल वजनाच्या सहापट पडतं. पाय ताठ ठेवून ५ सेंटिमीटरमध्येच थांबला तर एकवीसपट. बिजागरीचा खिळा असा हिसका रोज सोसत नाही, म्हणून डेक आणि मान (फोर्कची दांडी जिच्यात फिरते ती नळी) एकमेकांना वेल्डिंगनं कायमची जोडलेली.

पहिली अडचण हँडलपाशी आली. या हँडलांचे बाहेरचे व्यास मुख्यतः दोन: ३१.८ आणि ३४.९ मिलीमीटर. भाच्याचं हँडल बारीक, क्लॅम्प जाडाचा. नळी आत टाकली की खुळखुळा. फरक ३ मिलीमीटरचा, पण नळीच्या बाबतीत तेवढाही फार असतो. भिंतीची जाडी तीच ठेवली तर नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाड नळी ३० टक्क्यांहून जास्त ताठ.

हँडल परत पाठवायला मुलगा तयार नव्हता, तेव्हा गेलो कुपवाडच्या एमआयडीसीत. सांगली जिल्ह्यात टर्नर शोधायला लांब जावं लागत नाही. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये इथल्याच माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हापासून लेथचा आवाज इथल्या कानांना सवयीचा आहे. टर्नरनं व्हर्नियर लावला आणि हसला. "दादा, दीड मिलीचं बुश टाकायचं हाय. पत्रा गुंडाळू नका, पोरगं पडंल." त्यानं अॅल्युमिनियमचं बुश, म्हणजे नळी आणि क्लॅम्पमधली फट भरणारं कडं, तासलं, एका बाजूनं उभी चीर पाडली. चीर नसती तर क्लॅम्प कितीही आवळा, बुश दबलं नसतं आणि नळीला पकड आली नसती.

आता कॉम्प्रेशन. नाव भारी आहे, काम साधं: फोर्क वर ओढून मानेतल्या बेरिंगांवर किंचित दाब ठेवायचा. भाच्याच्या क्लॅम्पला एससीएस म्हणतात. त्यात आतला बोल्ट आधी पिळायचा, मग बाहेरचे क्लॅम्पचे बोल्ट. आमच्या पठ्ठ्यानं उलटं केलं. क्लॅम्पनं फोर्क आधीच घट्ट धरला, त्यामुळे आतला बोल्ट कितीही पिळला तरी ओढणार काय? पुढचं चाक भिंतीला टेकवून हँडल पुढं-मागं हलवलं की मानेत टक्-टक्. "मामा, बेरिंग खराब आहे," असं त्यानं जाहीरही करून टाकलं. क्लॅम्प सैल करून आतला बोल्ट थोडा पिळला आणि टकटक गेली. जास्त पिळला असता तर स्टिअरिंग जड झालं असतं.

वजनाचं गणित मला यापेक्षाही आवडतं. टेलव्हिप नावाच्या गिरकीत हँडल हातात राहतं आणि डेक त्याच्याभोवती हवेत पूर्ण फिरतो. फिरवायला लागणारा जोर वजनावर असतोच, पण अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गावरही असतो. मागचं चाक अक्षापासून ४५ सेंटिमीटरवर असेल तर तिथले १०० ग्रॅम हे १५ सेंटिमीटरवरच्या ९०० ग्रॅमांइतके जड वाटतात. हातोडा दांड्याच्या टोकाला धरून गरकन फिरवा, मग डोक्याजवळ धरून फिरवा, मनगट लगेच सांगेल. म्हणून पैसे हलक्या मागच्या चाकावर घालवावेत. पुढचं चाक टेलव्हिपमध्ये डेकबरोबर फिरतच नाही. टायटॅनियमचं हँडल मिरवायला बरं, पण गिरकी घेणारा भाग तो नव्हे.

रात्री नऊपर्यंत सगळं जोडून झालं. मागचं चाक मात्र नट आवळला की अडायचं, सैल केला की डुलायचं. ६०८ नंबरची दोन्ही बेरिंगं, ८ मिलीमीटर भोकाची, नवी कोरी. सतरंजी झटकताना एक बोटाच्या पेराएवढी नळी टणकन खाली पडली: दोन बेरिंगांच्या मधला स्पेसर. तो नसला की नटाचा दाब बेरिंगांच्या आतल्या कड्यांना एकमेकींकडे ढकलतो आणि छर्रे आवळले जातात. चाक पुन्हा सोडवायला घेतलं तेव्हा आतून बहिणीचा तिसऱ्यांदा आवाज आला, जेवायला या म्हणून.