किरणोत्सर्गी बंधन-चाचणी (सेरोटोनिन ग्राहींचा अभ्यास)

मेंदूच्या ऊतीत सेरोटोनिनचे (चेतापेशींमध्ये संदेश नेणाऱ्या रसायनाचे) ग्राही कुठे आहेत, किती आहेत आणि एखादे औषध त्यांना किती घट्ट धरते, हे किरणोत्सर्गी अणू बसवलेल्या संयुगाने मोजण्याची पद्धत. ग्राही म्हणजे चेतापेशीच्या पटलावरचे प्रथिन. सेरोटोनिनचा रेणू त्यावर बसला की पेशीला संदेश मिळतो. वर्गात आणि प्रयोगशाळेत सगळे ‘रिसेप्टर’च म्हणतात. ऊतीत त्यांचे प्रमाण इतके कमी असते की साध्या रासायनिक तपासणीत ते सापडत नाहीत. म्हणून त्यांवर बसणाऱ्या संयुगात ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन, अर्धायुष्य १२.३ वर्षे) किंवा आयोडीन-१२५ (सुमारे ६० दिवस) घालतात. अशा संयुगाला रेडिओलिगँड म्हणतात.

या पद्धतीचा सगळा जीव एका वजाबाकीत आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी शाळेत शिकलेली मुले फार्मसीला किंवा वैद्यकाला गेली की हा विषय त्यांना एकदम इंग्रजीत भेटतो, आणि ती इथेच अडतात. सकाळची खानापूर–बेळगाव बस डोळ्यांपुढे आणावी. बसायच्या जागा ठरलेल्या. भरल्या की संपल्या. मधल्या वाटेत मात्र चढतील तेवढे उभे राहतात. ग्राही म्हणजे त्या जागा. पटलातली चरबी, नळीची भिंत, गाळणकागद ही मधली वाट. रेडिओलिगँड दोन्हीकडे चिकटतो आणि मोजणाऱ्या यंत्राला त्यातला फरक कळत नाही. म्हणून नळ्यांचा दुसरा संच लावतात. त्यात त्याच ग्राहीवर बसणारे, पण किरणोत्सर्गी नसलेले औषध भरमसाट घालतात. जागा त्यानेच अडवल्या, की रेडिओलिगँडला उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते. ही मोजणी म्हणजे ‘अविशिष्ट बंधन’. एकूण बंधनातून ते वजा केले की ग्राहीवर खरोखर बसलेले ‘विशिष्ट बंधन’ उरते. ही वजाबाकी न दाखवता नुसता मोठा आकडा कोणी पुढे केला, तर त्यावर विसंबू नये.

प्रत्यक्ष कामात उंदराच्या मेंदूचा बाह्यक (बाहेरचा थर) बर्फगार द्रावणात घोटतात, अपकेंद्री यंत्रात फिरवून पटलांचा गोळा तळाशी बसवतात आणि तो पुन्हा पुन्हा धुतात. धुण्यात आळस केला तर ऊतीतले मूळचे सेरोटोनिन जागा अडवून बसते. मग रेडिओलिगँड घालून ठरावीक वेळ थांबायचे आणि निर्वातात काचतंतूच्या कागदावरून झटकन गाळायचे. हा क्षण नाजूक असतो. कागदावर थंड द्रावण ओतून काही सेकंदांत धुतले नाही, तर बसलेला रेणू सुटून जातो आणि दिवसभराची मेहनत पाण्यात जाते. शेवटी तो कागद प्रस्फुरण-द्रवात (किरणोत्सर्गाने चमकणाऱ्या द्रवात) टाकून किरणोत्सर्ग मोजतात. रेडिओलिगँडची मात्रा वाढवत नेली की दोन आकडे हाती येतात: एकूण जागा किती, आणि निम्म्या जागा भरायला किती संहती लागते. दुसरा आकडा जितका लहान, तितकी पकड घट्ट.

सेरोटोनिन १९४८ मध्ये रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी रक्तरसातून (सीरममधून) वेगळे केले; मेंदूत ते असल्याचे ट्वारोग आणि पेज यांनी १९५३ मध्ये दाखवले. गिनीपिगच्या आतड्यावर काम करून गॅडम व पिकारेली यांनी १९५७ मध्येच ग्राही दोन प्रकारचे असावेत असे मांडले होते. मेंदूतला उलगडा १९७९ मध्ये पेरुत्का आणि स्नायडर यांनी केला: ट्रिटियमयुक्त सेरोटोनिन एका गटावर बसते, ट्रिटियमयुक्त स्पायपेरोन (मनोविकारावरचे औषध) दुसऱ्यावर, आणि एलएसडी हे भास घडवणारे द्रव्य दोन्हींवर. त्यातून ५-एचटी१ व ५-एचटी२ ही नावे आली (५-एचटी हे सेरोटोनिनच्या रासायनिक नावाचे लघुरूप). आज सात कुळे आणि चौदा उपप्रकार मानतात. स्पायपेरोन डोपामिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाच्या ग्राहींनाही धरते. केटॅन्सेरिन हे औषध आल्यावर ५-एचटी२चे काम सोपे झाले, पण तेही अगदी एकनिष्ठ नाही.

ऊतीचे पातळ काप रेडिओलिगँडमध्ये भिजवून फिल्मवर ठेवले तर ग्राहींचा नकाशाच उमटतो. ट्रिटियमचे किरण दुबळे, त्यामुळे फिल्म आठवडेच्या आठवडे अंधारात राहते. ५-एचटी१ए हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी निगडित भाग) आणि राफे केंद्रकांत (सेरोटोनिन बनवणाऱ्या चेतापेशींच्या पुंजक्यांत) दाट दिसतो. ५-एचटी३ मेंदूच्या तळाशी, वांती घडवणाऱ्या भागात आहे. मुलाला ओकाऱ्या लागल्यावर डॉक्टर देतात ते ऑन्डॅन्सेट्रॉन हाच ग्राही अडवते.

मर्यादा मोठी आहे: औषध ग्राहीवर बसले एवढेच कळते. ते ग्राहीला चेतवते की नुसते अडवून ठेवते, हे या मोजणीतून एरवी उमगत नाही. मृत्यूनंतर मिळालेल्या मानवी ऊतीत व्यक्तीचे वय, तिने घेतलेली औषधे आणि ऊत गोठवेपर्यंत गेलेले तास हे सगळे आकड्यात मिसळते.

जिवंत माणसात हेच काम पेट (पीईटी) स्कॅनने, म्हणजे शरीरात सोडलेल्या किरणोत्सर्गी संयुगाचे बाहेरून चित्र घेऊन, होते, पण तिथे घड्याळाशी झुंज असते. कार्बन-११चे अर्धायुष्य सुमारे २० मिनिटे. बेळगावहून धारवाडला मोटारीने जायला दीड तास धरला, तर तिथे पोचेपर्यंत वीस भागांतला जेमतेम एक भाग उरेल. म्हणून कार्बन-११चे संयुग स्कॅनरच्या जवळच तयार करावे लागते. फ्लोरिन-१८चे अर्धायुष्य ११० मिनिटे. तेवढ्याच प्रवासात ते निम्म्याहून थोडे जास्त शिल्लक राहते.