‘सेबे’ नावाचा गुंता: टाकीतल्या समुद्रफुलांच्या ओळखीमागचा इतिहास

शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानातल्या टाकीवर ‘सेबे ॲनिमोन’ (ॲनिमोन म्हणजे समुद्रफूल, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) अशी चिठ्ठी असली, तर आत बहुतेक वेळा क्रिस्पा नावाची ॲनिमोनची जात असते. सेबे हे नाव मुळात ॲनिमोनचे नाहीच, ते माशाचे. अठराव्या शतकातल्या एका डच संग्राहकाच्या नावावरून १८५३ साली ॲम्फिप्रिऑन सेबे या क्लाउनफिशचे, म्हणजे ॲनिमोनच्या आसऱ्याने राहणाऱ्या माशाचे, नामकरण झाले. हा हिंदी महासागरातला मासा, भारताच्या किनाऱ्यालाही सापडतो. समुद्रात त्याचे घर म्हणजे हॅडोनी: वाळूत पसरलेले, आखूड आणि कमालीच्या चिकट शुंडकांचे (तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या अवयवांचे), गालिच्यासारखे ॲनिमोन. क्रिस्पाला त्याचे नाव चिकटवले ते व्यापाराने. त्यातच काळपट क्लार्की हा दुसरा क्लाउनफिशही कित्येकदा ‘सेबे’ म्हणूनच विकला जातो.

हा नुसता नावाचा घोळ असता तर सोडून देता आला असता. पण माणूस सेबेचे घर म्हणून हॅडोनीची माहिती वाचतो आणि ती लांब, टोकदार शुंडकांच्या क्रिस्पाला लावतो. उलट, खरे हॅडोनी घरी आले तर टाकीतले छोटे मासे त्याच्या पोटात जातात. मला सर्वांत जास्त खटकते ते पांढरेशुभ्र, जांभळ्या टोकांचे ‘सेबे’. तो पांढरा रंग म्हणजे अंगातले शैवाल गमावल्याची खूण. निरोगी क्रिस्पा सहसा तपकिरी, मळकट दिसते, म्हणून गिऱ्हाईक ते डावलून आजारी प्राणी उचलते.

शास्त्रातही सुरुवातीला गोंधळच होता. एकोणिसाव्या शतकातले नमुने स्पिरिटच्या बरण्यांतून आले. रंग उडालेला, शुंडके आकसलेली. साहजिकच एकाच प्राण्याला अनेक नावे पडली. बबल टिप या, शुंडकांच्या टोकाशी फुगे असलेल्या ॲनिमोनचे पहिले वर्णन १८२८चे, तांबड्या समुद्रातले. पुढे त्याला आणखी कितीतरी नावे मिळाली. १९८१च्या एका प्रबंधाने ही गर्दी उपसली आणि क्लाउनफिशना आसरा देणाऱ्या ॲनिमोनच्या जाती दहावर आणल्या. आपण टाकीपाशी उभे राहून जी ओळख पटवतो, ती बरीचशी त्याच कामावर उभी आहे.

त्यातला धडा असा की शुंडकांवर विसंबू नये. बबल टिपचे फुगे टाकीत आल्यावर महिनोन्‌महिने गायब होतात, मग लोक त्याला क्रिस्पा समजतात. ‘रोझ’, ‘रेनबो’ या तर जातीही नव्हेत, त्याच बबल टिपचे रंग. बुंधा पाहावा. रात्री बाजूने टॉर्च मारला की दिसतो. बबल टिपचा बुंधा गुळगुळीत असतो आणि पाय खडकाच्या फटीत रुतलेला. क्रिस्पाचा करडा, चामड्यासारखा, वर चामखिळींसारखे चिकट उंचवटे, आणि खालचा भाग वाळूत. लाँग टेंटॅकल या जातीचा खालून लालसर-नारिंगी. मॅग्निफिका ही जात मात्र लपतच नाही, खडकाच्या माथ्यावर चढून रंगीत बुंधा उघडा टाकते.

१९८१ साली रेडिअँथस हे प्रजातीनाव (जवळच्या जातींच्या गटाचे नाव, शास्त्रीय नावाचा पहिला भाग) हेटेरॅक्टिस या प्रजातीत विलीन झाले होते. तो निर्णय तेव्हा रचनेवर बेतलेला होता आणि सोयीचाही होता. २०१९च्या जनुकीय अभ्यासात मात्र मॅग्निफिका आणि क्रिस्पा एका शाखेवर, तर हेटेरॅक्टिसमधलीच ऑरोरा ही जात दुसऱ्याच शाखेवर निघाली. त्यामुळे पहिल्या दोघींना रेडिअँथस परत मिळाले. पाळणाऱ्यांनी यावर बरीच कुरकुर केली. माझ्या मते बदल योग्यच आहे. सत्तरच्या दशकातल्या पुस्तकांत मॅग्निफिकाला ‘रेडिअँथस रिटेरी’ म्हटलेले आढळते. त्यातले पहिले अर्धे नाव आता पुन्हा बरोबर ठरले आहे.