७० अंशांवर उकळणारे पाणी

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, हे सगळ्यांना पाठ असते. त्याची अट मात्र बहुधा विसरली जाते: बाहेरचा दाब १०१.३ किलोपास्कल, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका, असेल तरच. अट विसरली की उकळणे म्हणजे ‘खूप तापणे’ असे वाटू लागते, आणि मग वायूंचे नियम शिकतानाही घोळ होतो. हा समज एका साध्या सिरिंजने दूर करता येतो.

सुई नसलेली, २० मिलिलिटरची प्लास्टिकची सिरिंज आणि तिच्या तोंडावर घट्ट बसणारे टोपण घ्या. पाणी काही मिनिटे उकळा, म्हणजे त्यात विरघळलेली बरीचशी हवा निघून जाईल. मग ते ७० अंशांपर्यंत निवू द्या. या तापमानालाही पाणी भाजते, तेव्हा हातमोजे हवेतच. ५ मिलिलिटर पाणी ओढून घ्या, सिरिंजचे तोंड वर धरून टिचक्या मारा आणि वर आलेली सगळी हवा दट्ट्या रेटून बाहेर काढा. टोपण लावा. आता दट्ट्या मागे खेचा. पाणी खदखदू लागेल, तेही विस्तवाशिवाय.

असे का होते? द्रवातले वेगवान रेणू पृष्ठभागावरून सतत निसटत असतात, काही परतही येतात. बंद जागेत जाणारे आणि येणारे सारखे झाले की बाष्पाचा जो दाब राहतो, तो त्या द्रवाचा बाष्पदाब. पाण्यासाठी तो २५ अंशांना ३.२ किलोपास्कल, ७० अंशांना ३१ आणि १०० अंशांना १०१.३ असतो. बाष्पीभवन कोणत्याही तापमानाला चालते, कारण पृष्ठभागावरून एकेक रेणू निघून जाताना त्याला भोवतालची हवा मागे ढकलावी लागत नाही. बुडबुड्याचे तसे नाही. तो द्रवाच्या पोटात तयार होतो, म्हणून त्याच्या आतल्या बाष्पाला बाहेरचा दाब पेलता आला पाहिजे. बाष्पदाब बाहेरच्या दाबाइतका झाला की बुडबुडे टिकतात आणि पाणी उकळते. सिरिंजमध्ये आपण पाणी तापवत नाही, बाहेरचा दाब ३१ किलोपास्कलपर्यंत उतरवतो. दट्ट्याचा व्यास २ सेंटिमीटर असेल तर त्यासाठी सुमारे २२ न्यूटन, म्हणजे सव्वादोन किलोचे वजन उचलण्याइतके बल लागते. दट्ट्याचे घर्षण वेगळे.

आता खेचणे सुरू ठेवा. वरची जागा ५ मिलिलिटरची १० झाली तरी आतला दाब साधारण ३१ च राहतो. बॉइलने १६६२ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे आकारमान दुप्पट झाल्यावर दाब निम्मा व्हायला हवा होता. पण तो नियम वायूचे प्रमाण ठरलेले असेल तेव्हाचा आहे. इथे जागा वाढली की आणखी पाण्याची वाफ होते आणि तूट भरून निघते. या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते: द्रवाच्या सान्निध्यातल्या बाष्पाचा दाब तापमान ठरवते, आकारमान नाही. वाफ होते तीही किती थोडी! ७० अंशांना १० मिलिलिटर बाष्पात जेमतेम २ मिलिग्रॅम पाणी असते. त्यासाठी लागणारी उष्णता उरलेल्या पाण्यातून येते, पण तेवढ्याने ५ मिलिलिटर पाणी पाव अंशानेही निवत नाही.

प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा आत राहिलेल्या हवेमुळे. समजा १ मिलिलिटर हवा राहिली. तिथल्या १०१ किलोपास्कलपैकी ३१ बाष्पाचे आणि ७० कोरड्या हवेचे. जागा १० मिलिलिटर केली की हवेचा दाब बॉइलच्या नियमाने ७ वर येतो, बाष्पाचा मात्र ३१ च राहतो. एकूण ३८, म्हणजे बाष्पदाबाहून जास्त. पृष्ठभागावरून बाष्पीभवन होईल, पण बुडबुडे उठणार नाहीत. न उकळलेले गार पाणी घेतले तर वेगळीच फसगत होते: खेचल्यावर दिसणारे बुडबुडे विरघळलेल्या हवेचे असू शकतात. ओळखायचे कसे? दट्ट्या सोडून द्या. बाष्पाचे बुडबुडे क्षणात नाहीसे होतात, कारण बाष्पाचे पुन्हा पाणी होते. हवेचे बुडबुडे आकसतात, पण उरतात.

दाब जुळला तरी पाणी कधीकधी उकळायला तयार नसते. १ मायक्रोमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याला १०० अंशांच्या पाण्यातला पृष्ठताण (द्रवाच्या पृष्ठभागाची आकसून घेण्याची ओढ) सुमारे ११८ किलोपास्कलने दाबत असतो. वातावरणाच्या दाबाहूनही जास्त. त्यामुळे गुळगुळीत, स्वच्छ काचपात्रात पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊनही शांत राहू शकते आणि मग एकदम उसळते. प्रयोगशाळेत यावर उपाय म्हणून सच्छिद्र चिनी मातीचे दोन-तीन तुकडे टाकतात. त्यांच्या छिद्रांत अडकलेल्या हवेमुळे बुडबुड्याला आयती सुरुवात मिळते. तुकडे तापवण्याआधीच टाकावेत. तापलेल्या द्रवात टाकले तर तो जागीच उसळून अंगावर येतो. उकळणे थांबून द्रव निवला असेल तर पुन्हा तापवण्यापूर्वी नवे तुकडे घालावेत, कारण जुन्यांच्या छिद्रांत आता द्रव शिरलेला असतो.