‘धोका ३६ टक्क्यांनी कमी’ आणि ‘शंभरातले किती वाचले’

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांवरची दोन नावाजलेली संशोधनं घ्या. एकात हृदयविकाराचा धोका ३४ टक्क्यांनी कमी झाला, दुसऱ्यात ३६ टक्क्यांनी. ऐकणाऱ्याला वाटणार, दुसरी गोळी काकणभर सरसच. प्रत्यक्षात पहिल्या संशोधनात शंभरातल्या नऊ जणांवरचं संकट टळलं होतं, दुसऱ्यात जेमतेम एकाचं. चारही आकडे खरे आहेत. पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, आणि ती एकमेकांच्या जागी वापरली की दवाखान्यात चुकीचे निर्णय होतात. इंदूरमध्ये फॅमिली डॉक्टर म्हणून काम करताना मला ही गफलत इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त भेटते.

पहिलं संशोधन १९९४चं, ‘फोर-एस’ नावाने ओळखलं जाणारं. उत्तर युरोपातले ४,४४४ रुग्ण, सगळे आधीच हृदयरोगी: कुणाला झटका येऊन गेलेला, कुणाला चालताना छातीत दुखणारं. सिमव्हास्टॅटिन ही गोळी न घेणाऱ्यांपैकी २८ टक्क्यांना सुमारे साडेपाच वर्षांत हृदयाचा मोठा त्रास झाला, घेणाऱ्यांपैकी १९ टक्क्यांना. दुसरं २००३चं, ‘ॲस्कॉट’. त्यातल्या दहा हजारांवर लोकांना ब्लडप्रेशर आणि जोडीला इतर काही धोके होते, पण झटका कुणालाच येऊन गेलेला नव्हता. ॲटॉरव्हास्टॅटिनमुळे सव्वातीन वर्षांत प्रमाण ३ टक्क्यांवरून १.९वर आलं.

२८चे १९ झाले काय किंवा ३चे १.९ झाले काय, दोन्हीकडे साधारण एक तृतीयांश घट. हा झाला सापेक्ष फरक. नुसती वजाबाकी केली तर एकीकडे ९, दुसरीकडे १.१. हा निव्वळ फरक. तोच उलटा करून मांडला की डॉक्टरला रोज उपयोगी पडणारा आकडा मिळतो: एकाचा त्रास टळावा म्हणून पहिल्या गटात अकरा जणांना गोळी द्यावी लागली, दुसऱ्या गटात नव्वदेक जणांना. मुदती सारख्या नाहीत, ‘त्रासा’ची व्याख्याही तंतोतंत एक नाही, हे मान्य. तरी अकरा आणि नव्वद यांतलं अंतर तेवढ्याने भरून निघत नाही.

मग सापेक्ष आकडा टाकून द्यायचा का? मुळीच नाही, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. स्वीडन-नॉर्वेच्या माणसांवरचं संशोधन इंदूरच्या रामबागेतल्या माणसाला लागू करायचं तर हाच आकडा पूल बनतो. औषध धोक्याचा जो हिस्सा कापतं, तो देश बदलला म्हणून सहसा फारसा बदलत नाही. बदलतो तो मुळातला धोका, आणि आपल्याकडे तो लवकर सुरू होतो: ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना जवळपास ५९व्या. म्हणून हिस्सा संशोधनातून घ्यायचा, मूळ धोका समोरच्या माणसाचा, आणि गुणाकार करायचा. मूळ धोक्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे दक्षिण आशियासाठीचे तक्ते आहेत. वय, लिंग, तंबाखू, वरचं ब्लडप्रेशर, मधुमेह, कोलेस्टेरॉल एवढं पाहिलं की दहा वर्षांचा अंदाज निघतो. रक्ताचा रिपोर्ट नसेल तर उंची-वजनावर चालणारा तक्ताही आहे.

मध्यंतरी पन्नाशीच्या एक काकू आल्या. पुण्याच्या मुलाने व्हॉट्सॲपवर बातमी पाठवलेली. “डॉक्टर, छत्तीस टक्के फरक पडतो म्हणे. भाऊजींना गोळी चालू आहे, मग मलाच का नाही?” भाऊजींची अँजिओप्लास्टी झालेली. काकूंना ना साखर ना तंबाखू, ब्लडप्रेशर किंचित वर. मी चिठ्ठीच्या मागे दहा-दहा ठिपक्यांच्या दहा ओळी काढल्या. म्हटलं, तुमच्यासारख्या शंभर बायका धरा. दहा वर्षांत त्यातल्या साधारण चौघींना त्रास होईल. चार ठिपके गोल केले. सगळ्यांनी रोज गोळी घेतली तर या चौघींपैकी एकीचा, फार तर दोघींचा टळेल. एका गोलावर फुली मारली. बाजूला भाऊजींसारख्या शंभर जणांचा चौकोन काढला, त्यात तीस गोल आणि दहा फुल्या. काकू बराच वेळ दोन्ही चौकोन पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, “त्यांची गोळी चुकता कामा नये, नाही का?” माझ्या मते हा त्यांच्या प्रश्नापेक्षाही मोलाचा निष्कर्ष होता. फायदा छोटा असल्याचं ऐकून अँजिओप्लास्टी झालेला माणूसही गोळी सोडतो, तेव्हा त्याने काकूंचा हिशोब स्वतःला लावलेला असतो.

काकूंनी गोळी मागितलीच असती तर मी नकार दिला नसता. शंभरात एकीचा फायदा हवासा वाटणं हा त्यांचा हक्क आहे. तो किती, हे आधी कळायला हवं इतकंच.

जास्त सावध राहावं लागतं ते फायदा एका मापाने आणि तोटा दुसऱ्या मापाने सांगितला जातो तेव्हा. कंपनीचं गुळगुळीत माहितीपत्रक पाहा: फायदा ठळक टक्क्यांत, दुष्परिणाम मात्र ‘हजारात एखाद्याला’. ‘रक्त पातळ राहावं’ म्हणून हृदयविकार नसतानाही रोज छोटी ॲस्पिरिन घेणारे आपल्या ओळखीत कमी नाहीत. सहा चाचण्यांतल्या ९५ हजार निरोगी लोकांची माहिती २००९मध्ये एकत्र तपासली गेली. झटका, पक्षाघात यांसारखे गंभीर प्रसंग १२ टक्क्यांनी कमी झाले होते. पण वर्षाला दहा हजार माणसांमागे बोलायचं तर ५७चे ५१ झाले, म्हणजे सहा टळले. त्याच दहा हजारांत पोटातले वगैरे मोठे रक्तस्राव ७चे १० झाले, तीन वाढले. सहा आणि तीन शेजारी ठेवले की अशा माणसाशी बोलणं सोपं होतं. १२ टक्के आणि तीन शेजारी ठेवले तर गोळी सुटणारच नाही. ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे, त्यांचा हिशोब अगदी वेगळा आहे. त्यांनी हे वाचून ॲस्पिरिन बंद करायची नाही.

म्हणून एमआर, म्हणजे औषध कंपनीचे प्रतिनिधी, नवं औषध घेऊन आले की मी टक्क्यांवर थांबत नाही. औषध न घेणाऱ्या शंभरांत किती जणांना त्रास झाला, घेणाऱ्या शंभरांत किती, आणि किती वर्षांत, हे तीन आकडे मागतो. पत्रकावर नसतील तर मूळ शोधनिबंधाच्या तक्त्यात ते असतात.