फॉन्ड्यू खरंच गरिबांचं खाणं होतं का? स्वस्तातल्या फॉन्ड्यूची पार्श्वभूमी

फॉन्ड्यू म्हणजे वाईनमध्ये वितळवलेलं चीज, त्यात पावाचे तुकडे बुडवून खायचे, स्वित्झर्लंडचा प्रसिद्ध पदार्थ. त्याची कुठलीही रेसिपी उघडा, वर एक गोष्ट असतेच. आल्प्समधले गरीब गुराखी, बाहेर बर्फ, घरात वाळका पाव आणि कडक झालेलं चीज, मग कुणीतरी ते वाईनमध्ये वितळवलं आणि झालं फॉन्ड्यू. ऐकायला छान वाटतं पण जरा हिशोब करून बघा, ग्रुयेरसारखं मुरवलेलं चीज हा तिथला विकायचा माल होता, बाहेरच्या देशात जाऊन पैसे आणणारा, तो भांडंभर वितळवून घरातच खायला ज्याला परवडतं तो गरीब कसला!

जुने पुरावेही डोंगरातले नाहीत. वाईनमध्ये चीज शिजवायची जी जुनी कृती नेहमी दाखवतात ती १६९९ ची, झुरिक शहरातली. पुढे फ्रान्समध्ये फॉन्ड्यू या नावाने जे चालायचं त्यात चक्क अंडी असायची. ब्रिया-सावारँ या फ्रेंच खवय्याने १८२५ मध्ये दिलेली कृती म्हणजे अंडी, त्यांच्या वजनाच्या एक तृतीयांश ग्रुयेर आणि एक षष्ठांश लोणी, म्हणजे आपण ज्याला चीज घातलेली अंडाभुर्जी म्हणू ते. अंड्याशिवाय, फक्त चीज आणि वाईन अशी कृती फॉन्ड्यू या नावाखाली छापलेली सापडते ती थेट १८७५ मध्ये.

मग हे सगळ्या देशाचं खाणं झालं कधी? इथे खरी मजा आहे. १९१४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये केझयुनियन नावाचा चीज संघ उभा राहिला. दुधाचा भाव काय, चीज कुठलं बनवायचं, किती बनवायचं, विकायचं कुठे, सगळं हाच संघ बघायचा आणि मागे सरकारी पैसा. एमेंटाल, ग्रुयेर, स्ब्रिन्झ अशा मोजक्याच चीजांवर सगळा भर. आता एवढं चीज बनलं की खपवायला नको का, म्हणून १९३० च्या दशकात संघाने फॉन्ड्यूची जाहिरात सुरू केली, की हे आपलं राष्ट्रीय खाणं आहे. मधे महायुद्ध आलं, रेशनिंग आलं, ते संपल्यावर मोहीम पुन्हा जोरात, मग फॉन्ड्यू सैन्याच्या स्वयंपाकाच्या पुस्तकात गेलं आणि सैन्यात शिकलेले पुरुष घरी येऊन करायला लागले. घोषणा पण भारी होती, फॉन्ड्यू छान असतं आणि मूडही छान करतं. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात स्विस दालनात ते अमेरिकन लोकांनी खाल्लं आणि तिकडे फॉन्ड्यू सेटची लाटच आली. चीज संघ १९९९ मध्ये बंद झाला पण तोवर काम झालं होतं. माझं मत विचाराल तर गरीब गुराख्याची गोष्ट एवढी पसरली यात या जाहिरातबाजीचा मोठा हात आहे, महागडा माल खपवायला साधेपणाची गोष्ट लागतेच.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे आज घरी करायला गेलं की आपण आधी खर्चालाच घाबरतो, अमुकच ग्रुयेर पाहिजे, तमुकच एमेंटाल, चेरीची किर्श दारू, खास भांडं, लांब काटे. पण खुद्द स्वित्झर्लंडमध्येही एकच पद्धत कुठे आहे? न्यूशातेलला ग्रुयेर आणि एमेंटाल, फ्रिबूरला अर्धं ग्रुयेर अर्धं वाशराँ नावाचं तिथलं चीज, आणि त्याच फ्रिबूरमध्ये नुसत्या वाशराँचं फॉन्ड्यू करतात त्यात वाईन नाहीच, थोडंसं पाणी आणि एकदम मंद आच, पावाऐवजी बटाटे बुडवून खायचे.

फॉन्ड्यू फाटतं ते स्वस्त चीजमुळे नाही, शास्त्रामुळे. चीजमधलं केसिन हे प्रथिन कॅल्शियमने बांधलेलं असतं, जास्त तापलं की ते आकसून गोळा होतं आणि तूप वेगळं सुटतं. वाईनमधलं आम्ल ते कॅल्शियम पकडून ठेवतं, म्हणून आंबटसर कोरडी वाईन लागते, महाग लागत नाही. लिंबाचा रसही हेच काम करतो. दुसरी गोष्ट कॉर्नफ्लोअर, तो स्वित्झर्लंडमध्ये आला १९०५ मध्ये आणि फॉन्ड्यू घराघरात जमायला लागलं त्यात त्याचा वाटा नक्की असणार. तिसरी गोष्ट तर अजून भारी, १९११ मध्ये थून गावात गर्बर आणि श्टेटलर या दोघांनी सोडियम सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचाच एक क्षार, वापरून प्रोसेस्ड चीज बनवलं. लोक ज्याला नाकं मुरडतात ते प्रोसेस्ड चीज पण स्विसच, आणि न फाटता वितळणं हाच त्याचा गुण!

म्हणून कमी खर्चात करायचं तर ४०० ग्रॅम चीजमध्ये साधारण १०० ग्रॅम प्रोसेस्ड घ्या, बाकीचं साधं वितळणारं, आणि चवीसाठी जमलं तर थोडंसं मुरलेलं चीज, तेवढ्यानेही वास येतो. सगळं किसून एक चमचा कॉर्नफ्लोअर चोळायचा, २०० मिली वाईन किंवा पाणी आणि दोन छोटे चमचे लिंबाचा रस गरम करायचा, आच कमी करून चीज मूठमूठ घालत हलवत राहायचं, उकळी येऊ द्यायची नाही. लसूण आधी भांड्याला आतून घासायची, किर्श वगळली तरी चालते. खास भांडं नसेल तर जाड बुडाचं कुठलंही पातेलं चालतं, कारण त्या भांड्याचं काम उष्णता धरून ठेवणं एवढंच आहे, पातळ स्टीलमध्ये मात्र तळाला लगेच करपतं. आणि पाव कालचाच घ्या, ताजा काट्यावरून सुटून आत पडतो. तळाशी शेवटी जी खरपूस पापडी धरते ती टाकू नका, तिकडे ती खरवडून वाटून खातात.